वाऱ्यावरचा अर्धा र

जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा चालू होता आणि तालुक्याच्या गावी आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. अभिजात दर्जा मिळाल्यानंतरचा हा पहिलाच पंधरवडा, त्यामुळे दारावरचा बॅनर नेहमीपेक्षा मोठा. साडेदहा ते दीड व्याकरण आणि शुद्धलेखन, मग जेवण, मग अडीच ते पाच डिजिटल साक्षरता. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा आमचा डोंगरी भाग. अकरा वाजले तरी फरशीचा गारठा चपलेतून वर येत होता आणि आम्ही बायका खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्याकडे खुर्च्या सरकवत होतो. सकाळचं सत्र रंगलं ते मागच्या रांगेतल्या एका गुरुजींमुळे. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "गरीब, गरिबाला. मग शरीर, शरिराला का नको?" साठ माणसांनी एकदम खाली मान घालून पुस्तिका चाळायला घेतल्या. मागून शांत आवाज आला, "शरीर तत्सम आहे, संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं. तत्समातला दीर्घ सामान्यरूपातही दीर्घच राहतो. परीक्षा, परीक्षेला. गीत, गीताला." मग 'कवी' दीर्घ असून 'कविसंमेलन' ऱ्हस्व का, हेही त्यांनीच सांगितलं. आवाजात तोरा नव्हता. तेहेतीस-चौतीस वर्षं फळ्यावर लिहून नियम बोटांत उतरलेला माणूस बोलत होता.

जेवणात पुरी-भाजी आणि शिरा होता. अडीचला पडदे ओढले, प्रोजेक्टर लागला. दुपारचे सुलभक तरुण, हुशार. लॅपटॉपवर त्यांची बोटं चालताना बघत राहावं अशी. एकेकानं पुढं यायचं आणि एक वाक्य मराठीत टाइप करायचं, युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट कळफलकावर, असं ठरलं. कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले होते. गुरुजींची पाळी आली. चष्मा कपाळावर चढवून, कळांवर वाकून, उजव्या हाताच्या एकाच बोटानं त्यांनी सुरुवात केली. 'मुलांना वाऱ्यावर सोडू नका' असं त्यांना लिहायचं होतं. 'मुलांना' झालं. मग व, काना, र, पाय मोडायची कळ, य, काना. पडद्यावर उमटलं, 'वार्या'. गुरुजी थांबले. खोडलं. पुन्हा तेच केलं, पुन्हा रफार डोक्यावर चढून बसला. तिसऱ्यांदाही. "हा रफार येतोय. मला अर्धा र हवाय," ते म्हणाले. सुलभक म्हणाले, "सर, चालतं हो. वाचणाऱ्याला कळतं ना." दोन-चार जण हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. जेवण करून माणसं अंधाऱ्या खोलीत बसली की कशालाही हसू येतं, तसं ते हसू होतं. "चालत नाही," गुरुजी हळूच म्हणाले आणि वाक्य अर्धं टाकून जागेवर आले. बसल्यावर खिशातलं पेन काढून त्यांनी पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर तो शब्द लिहिला. मी दोन खुर्च्या सोडून होते. कागदाला रेघ नव्हती, पण अक्षर रेघ मारून लिहिल्यासारखं सरळ. 'वाऱ्यावर'. मग पेनाला टोपण लावलं.

मला तो अर्धा र टाइप करता येतो. मी उठले नाही.

घरी येताना एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःला समजावत होते की कार्यक्रम लांबला असता, सुलभकांना वाईट वाटलं असतं, गुरुजींनाच अवघडल्यासारखं झालं असतं. पण खरं कारण मला माहीत होतं. ते हसू आलं तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात मला बरं वाटलं होतं. दोन हजार दोन साली मी शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना तीन हजार रुपये मानधनावर, आणि पहिल्याच शाळेत हेच गुरुजी माझे वरिष्ठ होते. सहामाहीच्या आधी मी तिसरीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात 'परिक्षा' असं लिहिलं होतं. गुरुजी काहीतरी विचारायला वर्गात आले, बोलता बोलता फळ्याशी गेले, बोटानं 'रि' पुसला, 'री' लिहिला आणि निघून गेले. एक शब्द बोलले नाहीत. सगळा वर्ग बघत होता. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं तिच्या वहीतला 'रि' लगेच खोडरबरानं खोडला आणि माझ्याकडे बघितलं. मी तेवीस वर्षांची होते. त्या दिवसापासून आजवर तो शब्द माझ्या हातून चुकलेला नाही, आणि त्या दिवसापासून आजवर तो शब्द लिहिताना छातीत काहीतरी बारीक टोचल्याशिवाय राहिलेलं नाही. दोन्ही गोष्टी त्या एकाच बोटानं केल्या. म्हणून जानेवारीत त्या बोटाला कळ सापडली नाही तेव्हा मला बरं वाटलं, आणि एसटीत बसल्यावर त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली सरकारनं स्वीकारले तेव्हा ते बेचाळिशीत होते. पुढं १९७२ मध्ये आणखी चार आले आणि अठरा झाले. त्या चौदांनी सगळ्यात मोठी गोष्ट कोणती केली असेल तर उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. तोवर आजोबा 'नांव' लिहीत, 'कांहीं' लिहीत, 'मीं' लिहीत, आणि ते शुद्ध होतं. कुठल्या शब्दावर टिंब द्यायचं आणि का, हे त्यांनी मार खाऊन पाठ केलेलं. मग एका वर्षी तेच टिंब चूक ठरलं. मी लहान असताना, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, त्यांची पत्रं बघायचे. आत्याला लिहिलेल्या पत्रांत सगळे अनुस्वार जागच्या जागी असायचे. माझ्या वहीत मात्र ते कधीही 'नांव' लिहून देत नसत. शाळेचा हात वेगळा, घरचा हात वेगळा. मी विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही पत्रात चुकता का?" ते म्हणाले, "तेव्हा बरोबर होतं." त्यांच्या वयाच्या किती शिक्षकांना त्या वर्षी फळ्यासमोर हात अडखळल्यासारखं झालं असेल, कुणी त्यांना चार दिवस बसवून ते नीट समजावून सांगितलं असेल का, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

आपल्याकडे नियम बदलतो, अक्षर बदलतं, यंत्र बदलतं, आणि शिक्षकानं ते सोमवारपासून शिकवायचं असतं. २००९ च्या शासननिर्णयानं ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत आले, बाराखडीची चौदाखडी झाली. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. बॅट आणि बॉल त्यांच्या तोंडी आधीपासूनच होते. अडखळलो आम्ही. त्याआधी एमएससीआयटी हे संगणकाचं शिक्षण आलं होतं. प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ थांबायची, त्यामुळे गावोगावचे शिक्षक संध्याकाळी तालुक्याला जाऊन माउस धरायला शिकले. मी २००६ मध्ये केलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या एक बाई, निवृत्तीला चार वर्षं राहिलेल्या, माउस उचलून पडद्याला लावायच्या. आम्ही सगळे पास झालो. पण आमच्या तुकडीत मराठी कसं टाइप करायचं हे कुणी शिकवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. प्रश्नपत्रिका डीटीपीच्या दुकानात जायच्या. दुकानदार श्रीलिपीत टाइप करून पेनड्राइव्हवर द्यायचा, शाळेच्या संगणकावर फाइल उघडली की पडद्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं. फाँट नाही, म्हणून मराठी नाही. युनिकोड हाती आलं आणि मराठी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जशीच्या तशी जायला लागली, तेव्हा मला खरोखर डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तोवर आम्हा शिक्षकांत दोन तट पडून गेले होते. ज्यांना व्याकरण येतं ते, आणि ज्यांना संगणक येतो ते. दुसऱ्या तटाला 'तंत्रस्नेही' असं छान नावही मिळालं. पहिल्या तटाला नाव मिळालं नाही.

हे दोन तट वेगळे राहिले की काय होतं ते रोज दिसतं. वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. नोंद म्हणजे खरं तर त्या मुलाकडे बघून लिहायची ओळ. पण तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात आणि तिथून त्या उचलल्या जातात. त्यात कुणीतरी एकदा चुकलेलं 'परिक्षा', 'सहभागि', 'नविन' शंभर शाळांच्या नोंदवहीत जसंच्या तसं उतरतं. हातानं लिहिलेली चूक एका वर्गात राहायची. ही तालुका ओलांडते. सूचनांचंही तसंच. 'क्रुपया सर्वांनी उपस्थित रहावे.' 'हार्दीक शुभेच्छा.' 'मोठ्यांचे आर्शिवाद.' पालकांना कळत नाही असं आपण धरून चालतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत, सातवी शिकलेले. शिष्यवृत्ती परीक्षेत मुलगी आली तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं, 'विशेष प्राविण्य.' रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. मागे गाड्या उतरवल्याचा आवाज. "मॅडम, बॅनर करायला टाकतोय. ते प्रावीण्य, वि पहिली का दुसरी? दुकानदार दुसरी म्हणतोय, तुमच्या मेसेजमध्ये पहिली आहे." मी म्हटलं पाच मिनिटांत सांगते. शब्दकोश काढला. प्रवीण, म्हणून प्रावीण्य. वी दुसरी. माझी चूक होती. मी त्यांना तसं सांगितलं आणि ते म्हणाले, "असू द्या मॅडम, बरं झालं विचारलं." ते बॅनरवर शुद्ध गेलं. मुलीचं नाव रस्त्यावर लागणार, तर ते बरोबर लागावं, ही त्यांची काळजी मला आमच्या कितीतरी प्रशिक्षणांपेक्षा मोठी वाटली.

मी त्यांना "माझी चूक होती" असं सहज म्हणू शकले, कारण ते नवी मुंबईत होते आणि आम्ही दोघंच होतो. हॉलमध्ये साठ सहकाऱ्यांपुढे म्हणाले असते का?

प्रशिक्षणं आमच्या वाट्याला कमी आलेली नाहीत. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, असं ते खाली येतं, आणि डोंगरातल्या पाटाचं पाणी जसं वाटेत मुरत मुरत शेवटच्या खाचरापर्यंत करंगळीएवढं उरतं, तसं वरच्या पातळीवर ज्यांनी पाच दिवस मनापासून ऐकलेलं असतं त्याचा शेवटच्या टप्प्यावर एक दिवस होतो. २०१९ मध्ये 'निष्ठा' हे देशभरातल्या शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण आलं, पुढच्याच वर्षी शाळा बंद पडल्या आणि ते प्रशिक्षणही फोनवर आलं. नव्या शैक्षणिक धोरणानं दरवर्षी प्रत्येक शिक्षकासाठी किमान पन्नास तासांचं सांगितलं आहे. पन्नास तास ही काही थोडी गोष्ट नाही. मला तर ते हवेच आहेत. पण ऑनलाइन कोर्स सुरू करून फोन ओट्यावर उभा ठेवलेला मी पाहिला आहे आणि तसा ठेवलाही आहे. व्हिडिओ चालू, कुकरची शिट्टी चालू, शेवटच्या चाचणीची उत्तरं ग्रुपवर आलेली. प्रमाणपत्र उमटलं की स्क्रीनशॉट केंद्रप्रमुखांना. याला आळस म्हणणं सोपं आहे. मला वाटतं त्याच्या मुळाशी भीती आहे. शिक्षकाला 'येत नाही' असं म्हणायची जागा आम्ही ठेवलेलीच नाही. वर्गात मुलांसमोर म्हणता येत नाही, सहकाऱ्यांत म्हणता येत नाही, साहेबांपुढे तर नाहीच. मग ज्याला येत नाही तो पुस्तिका चाळतो, आणि ज्याला येतं तो 'चालतं हो' म्हणतो. ते 'चालतं' ऐकायला मऊ आहे, पण त्यानं गुरुजींना अर्ध्या वाक्यावरून उठवलं.

आणि गंमत म्हणा, दुःख म्हणा, व्याकरणाचं आणि संगणकाचं ते येणं-न येणं एकाच गोष्टीचं होतं. मला हे लॉकडाउनमध्ये मुलांनी शिकवलं. शाळा बंद, वाडीत एका घरी रेंज, तिथं अंगणात पाच-सहा मुलं बसायची आणि माझ्या फोनवर पाळीपाळीनं एकेक शब्द लिहायची. एका मुलीनं 'ज्ञान' लिहायला घेतलं. आपण मराठीत म्हणतो 'द्न्यान', तिनं तेच दाबलं, आलं 'द्न्यान'. पुस्तकात तर असं नाही. मग तिनं कळफलकावर शोधून शोधून ज, मोडका पाय आणि तो कधी न वापरलेला ञ दाबला, आणि समोर ज्ञ उमटला. ती ओरडलीच, "मॅडम, ह्याच्या आत ज आहे!" अठरा वर्षं मी शिकवत होते की ज्ञ हे जोडाक्षर आहे. तिनं ते उघडून बघितलं. तसंच 'आशीर्वाद'. हातानं लिहिताना आपण आधी सगळी अक्षरं लिहितो आणि रफार मागाहून वर टाकतो, म्हणून तो शेजारच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि 'आर्शिवाद' होतो. कळफलकावर तशी सोय नाही. आ, शी, मग र, पाय मोडला, मग वा. ज्या क्रमानं बोललो त्याच क्रमानं दाबलं की रफार आपोआप व वर जातो. पहिल्या वेलांटीचंही तेच. कागदावर ती अक्षराच्या आधी काढायची, कळफलकावर अक्षर आधी, वेलांटी मागून, कारण उच्चार तसा आहे. मराठी टायपिंगच्या परीक्षा दिलेली जुनी माणसं जुन्या यंत्राच्या सवयीनं वेलांटी आधी दाबतात आणि अडतात. फोनवर बोलून लिहिलेला उतारा बघा, त्यात पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, सगळा एका दमात. चौथीच्या मुलांना तो उतारा दिला आणि म्हटलं, श्वास घ्याल तिथं खूण करा. विरामचिन्हांचा इतका चांगला तास माझ्याकडून आधी झाला नव्हता. म्हणजे यंत्र जिथं अडतं तिथंच नेमकं व्याकरण उभं असतं. आणि आम्ही सकाळी एक शिकवतो, दुपारी दुसरं, मधे पुरी-भाजी.

त्या अर्ध्या र चं उदाहरण याहून चांगलं मिळणार नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना वाढा म्हटलं तर गुरूंचं पान, आचाऱ्यांना वाढा म्हटलं तर ज्यांनी रांधलं त्यांचं. फरक कानाला कळतो. 'दर्या' म्हणताना द वर जोर येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. शब्द कुठून आला हे बघितलं तर आणखी सोपं. दरी, दऱ्या, दोरी, दोऱ्या, वारा, वाऱ्यावर, कोपरा, कोपऱ्यात. री आणि रा यांचा र अनेकवचनात किंवा सामान्यरूपात य ला जोडला जातो तेव्हा तो बहुधा हा अर्धा र असतो. आता कळफलकाचं. साधा र दाबून पाय मोडला की यंत्र रफारच करणार, ते त्याचं काम. अर्ध्या र साठी वेगळा ऱ आहे, शिफ्ट धरून र ची कळ. दुसरी एक वाट आहे, मधे न दिसणारं जोडचिन्ह घालायची. दिसायला दोन्ही शब्द एकसारखे, पण आतून वेगळे. एकदा मी शाळेच्या फाइलमध्ये 'पायऱ्या' शोधत होते, शब्द डोळ्यांसमोर होता आणि यंत्र सांगत होतं, सापडला नाही. कारण लिहिणाऱ्यानं एका वाटेनं लिहिला होता आणि मी दुसऱ्या वाटेनं शोधत होते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी माझी सकाळची शाळा सुटल्यावर मी गुरुजींच्या शाळेकडे निघाले. जीप वळणापर्यंत जाते, पुढं पंचवीस मिनिटं चढ. भाताची खाचरं कोरडी पडलेली, खाली पळस पेटलेला, आणि पठारावर आल्यावर पदर हातात धरून चालावं असा वारा. दोन शिक्षकी शाळा, पट एकोणीस. शाळा सुटली होती तरी पाच-सहा मुलं व्हरांड्यात होतीच. त्यांना घरी जायची घाई नसते. गुरुजी मला बघून उठून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही? काही काम होतं का?" मी म्हटलं, सहज आले. पोषण आहार शिजवणाऱ्या काकूंनी गुळाचा चहा केला. वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही होता, त्यावर विणकामाचं झाकण. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला अठरा नियमांचा कागद डकवलेला, गुरुजींच्याच अक्षरात, कडा पिवळ्या झालेल्या, जिथं मुलं नेहमी चुकतात तिथं लाल पेन्सिलीचा ठिपका.

चहा पिताना मी ते 'परिक्षा'चं सांगून टाकलं. कुठली शाळा, कुठला वर्ग, फळ्याचा कुठला कोपरा. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मला आठवत नाही हो." मी गप्प. बावीस वर्षं जे मी जपून ठेवलं होतं त्याची त्यांच्याकडे नोंदच नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला. "मी असं केलं असेल. करायचो मी. मुलांसमोर नको होतं करायला," ते म्हणाले, आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. जानेवारीत मला कोपऱ्यात काय वाटलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. ते सांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि अजूनही वाटतं की ते माझ्यापाशीच ठेवायला हवं.

मग मी लॅपटॉपचं विचारलं. त्यांनी कुलूप काढून तो बाहेर आणला, टेबलावर फडकं अंथरून त्यावर ठेवला. मी शेजारी बसले, कळफलकाला हात लावला नाही. आधी 'आशीर्वाद' लिहायला सांगितलं, बोलता त्याच क्रमानं. त्यांनी लिहिला आणि रफार बरोबर व वर गेला. त्यांनी तो खोडून पुन्हा लिहिला, मग 'पर्वत', मग 'उत्तीर्ण'. "म्हणजे कानानं लिहायचं," ते म्हणाले. "हे मुलांना फळ्यावर सांगता येत नव्हतं मला. मी नुसतं पाठ करून घ्यायचो." मग मी म्हटलं, आता वारा. व, काना. व्हरांड्यातली पोरं एव्हाना टेबलाभोवती जमली होती, एक तिसरीतला मुलगा तर त्यांच्या कोपराखाली शिरून बघत होता. "आता डाव्या हातानं ही शिफ्ट धरा," मी म्हटलं, "आणि र." गुरुजींनी डावा हात टेबलावर आणला. बोटांवर सकाळचा खडू होता. शिफ्टच्या कळीवर पांढरा ठसा उमटला. पडद्यावर ऱ आला.

"गुरुजी, खाली टिंब आलं," तो मुलगा म्हणाला.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, असू द्या, पुढं चला. त्यांनी पाय मोडायची कळ दाबली. मग य. मग काना. 'वाऱ्या'. ते हात मागे घेऊन बघत राहिले. व्हरांड्याचं दार वाऱ्यानं आपटलं, कुणी उठलं नाही.

मुलगा टेबलावर चढायच्या बेतात होता. त्यानं पडद्यावर बोट टेकवलं, थेट त्या अक्षराच्या पोटाखाली.

"गुरुजी, टिंब कुठं गेलं?"